सामना कुठे, हे ठरवतं कोण?

मुंबईत ब्रेबॉर्न आणि वानखेडे ही दोन स्टेडियम एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. इतक्या जवळ दुसरं स्टेडियम बांधावं अशी खेळाची काही गरज नव्हती. ब्रेबॉर्नचा मालक क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि तेव्हाची बॉम्बे क्रिकेट असोसिएशन यांच्यात प्रेक्षागृहातल्या जागांच्या वाटपावरून भांडण जुंपलं, ते मिटेना, म्हणून असोसिएशनच्या शेषराव वानखेडे यांनी नवं स्टेडियम उभं केलं. जानेवारी १९७५मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तिथे पहिली कसोटी झाली. पुण्यातही तेच घडलं. १९९६च्या विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळलं ते स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर, भर शहरात. ते मैदान महापालिकेचं. तिकिटं आणि पास यांवरून महापालिकेशी बिनसल्यावर महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनने आपलं मैदान थेट द्रुतगती महामार्गालगत, गहुंज्याला नेलं. स्वतःच्या मालकीचं मैदान असावं ही संघटनेची इच्छा रास्तच आहे. पण पास कुणाला किती, या वादातून जागा ठरते तेव्हा तिकीट काढून येणाऱ्या माणसाचा विचार कुणीच केलेला नसतो. महाराष्ट्रातल्या क्रिकेटच्या कारभाराचं मूळ दुखणं मला हेच वाटतं.

संभाजीनगर, जालना किंवा बीडहून कसोटी बघायला जायचं तर आधी पुणं गाठायचं, मग अख्खं शहर ओलांडून गहुंजे. एवढं करून तिथे काय मिळतं, ते २४ ऑक्टोबर २०२४ला दिसलं. न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीचा पहिलाच दिवस, बऱ्याच स्टँडवर छप्पर नाही, ऑक्टोबरचं ऊन थेट डोक्यावर. उपाहाराच्या सुट्टीत पाण्याच्या स्टॉलपुढे रांगा लागल्या आणि काही ठिकाणी पाणीच संपलं. लोकांनी असोसिएशनच्या विरोधात घोषणा दिल्या. असोसिएशनने माफी मागितली, पाणी पुन्हा भरायला वेळ लागला असं सांगितलं, आणि विषय तिथेच मिटला. पुढे चर्चा झाली ती न्यूझीलंडच्या सँटनरच्या तेरा बळींची आणि २०१२नंतर मायदेशात एकही कसोटी मालिका न गमावलेल्या भारताच्या पराभवाची. हजारो माणसं उन्हात बसवायची आणि पाण्याचा हिशेब चुकवायचा, हा अपघात नाही; ही कारभाराची चूक आहे.

ती पुन्हा पुन्हा का होते, याचं उत्तर मतांच्या गणितात आहे. बीसीसीआय आंतरराष्ट्रीय सामने राज्य संघटनांना पाळीपाळीने देते आणि याच संघटना बीसीसीआयचे पदाधिकारी निवडतात. सामना मिळाला की संघटनेला पैसा मिळतो, मान मिळतो. मत असलेल्या संघटनेला ‘तुमची सोय नीट नाही, यंदा सामना नाही’ असं कोण सांगणार? बीसीसीआयच्या कारभारात सुधारणा सुचवायला नेमलेल्या लोढा समितीने ‘एक राज्य, एक मत’ सुचवलं, सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१६मध्ये ते मान्यही केलं; ऑगस्ट २०१८मध्ये मात्र मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ या तिन्ही संघटनांची मतं कायम राहिली. पाळीपद्धतीची बाजू घेणारे म्हणतात की तिच्यामुळे क्रिकेट लहान शहरांत पोचतं. विराट कोहलीने २०१९मध्ये कसोटीसाठी पाच ठरावीक केंद्रं सुचवली तेव्हाही हाच मुद्दा निघाला. मराठवाड्यातून पाहताना पाच केंद्रांची कल्पना मलाही पटत नाही. पण पाळी शहरांना मिळत नाही, संघटनांना मिळते. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांचं क्रिकेट पुण्याच्या संघटनेकडे आहे. संभाजीनगरला जन्मलेले इक्बाल सिद्दिकी आणि बीडचे संजय बांगर यांनी डिसेंबर २००१मध्ये मोहालीच्या एकाच कसोटीत पदार्पण केलं. बीडच्याच सचिन धसने २०२४च्या १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ९६ धावा काढल्या. खेळाडू इथून जातात, कसोटी सामना आजवर इथे आलेला नाही. तेव्हा लहान शहरांचं नाव पुढे करून पाळीपद्धतीचं समर्थन तरी करू नये.

सामना कुठे, हे ठरवताना आणखी काय विसरलं जातं हे बघायला २०१६चा दुष्काळ आठवावा. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं आणि राज्यात आयपीएलची मैदानं भिजवली जात होती. १३ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले. सामने हलवून लातूरच्या नळाला पाणी येणार नव्हतं, हा आक्षेप खराच होता. तरीही दुष्काळात सामने कुठे घ्यायचे, हा प्रश्न कार्यक्रम आखतानाच विचारायला हवा होता, आणि तो विचारला न्यायालयाने.

वेळापत्रकाचीही तीच तऱ्हा. २०१९च्या विश्वचषकाचा कार्यक्रम वर्षभराहून आधी हाती होता. २०२३चा आपल्याकडे शंभर दिवस आधी आला, आणि ऑगस्टमध्ये त्यातल्या नऊ सामन्यांच्या तारखा पुन्हा बदलल्या. अहमदाबादचा भारत-पाकिस्तान सामनाही त्यात होता, तो नवरात्रामुळे हलवला. नवरात्र कधी आहे हे वर्षभर आधी पंचांगात छापलेलं असतं. रेल्वेचं आरक्षण आणि कामावरची रजा जुळवणाऱ्या माणसाचं काय झालं असेल? आयसीसीही काही निराळी नाही. २०२४च्या टी-ट्वेंटी विश्वचषकासाठी न्यूयॉर्कजवळ तात्पुरतं स्टेडियम उभारलं, तिथे श्रीलंका ७७ धावांत बाद झाली, खेळपट्ट्या मनासारख्या नव्हत्या हे आयसीसीला कबूल करावं लागलं. बाजारपेठ आधी ठरली, मैदान नंतर.

खरा पैसा प्रक्षेपणातून येतो, मैदानावरच्या तिकिटांना आता किंमत उरली नाही, असंही सांगतात. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएलचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले. म्हणूनच तर छप्पर आणि पाणी परवडत नाही ही सबब चालणार नाही. बोर्डाच्या पैशातला वाटा राज्य संघटनांपर्यंत पोचतोच.

एक गोष्ट मात्र क्रिकेटने मनावर घेतली आहे. २०१५ची नागपूरची आणि २०१७ची पुण्याची कसोटी तीन दिवसांत आटोपली, तेव्हा आयसीसीच्या मॅच रेफरींनी दोन्ही खेळपट्ट्यांना ‘खराब’ शेरा दिला. २०१८पासून अशा शेऱ्याबरोबर मैदानाच्या खात्यात दोषगुण जमा होतात आणि ते मर्यादेपलीकडे गेले तर आंतरराष्ट्रीय सामने ठरावीक काळासाठी बंद होतात. हीच पद्धत प्रेक्षकांच्या सोयींनाही लावता येईल: पाणी, सावली, स्वच्छतागृहं, सामना संपल्यावर परतीची बस. शेरा जाहीर व्हावा आणि दोषगुण भरले की त्या संघटनेची पुढची पाळी जावी. बोर्ड आपल्याच मतदारांना शिक्षा कशी करील, हा प्रश्न योग्य आहे. म्हणूनच ते काम बोर्डाकडे नको. मॅच रेफरी आयसीसीचा असतो, त्याला इथल्या कुठल्याच निवडणुकीत मत नसतं आणि कसोटीचे पाचही दिवस तो मैदानावर हजर असतो. खेळपट्टीचा अहवाल तो भरतोच. त्यात हे चार रकाने वाढवायचे.