दुःखाला तारीख घालणारी गाणी

बचत गटाच्या वहीत आपण हप्ता कधी भरला, कर्ज कधी फिटलं, सगळं तारखेनिशी लिहितो. मनावर कधी काय गेलं, ते मात्र कुठेच लिहीत नाही. आज आम्ही तशी नोंद ठेवणाऱ्या एका गायिकेबद्दल सांगणार आहोत.

तिचं नाव ब्योर्क. युरोपच्या उत्तरेकडच्या आइसलँड बेटावरची. २०१५ साली तिचा ‘वुल्निक्युरा’ हा अल्बम आला. लॅटिन शब्दांवरून घेतलेल्या या नावाचा अर्थ, जखम बरी करणं. कलावंत मॅथ्यू बार्नी आणि ती अनेक वर्षं एकत्र होते, त्यांना एक मुलगीही झाली. ते नातं तुटलं, त्याची ही गाणी.

अल्बममध्ये ९ गाणी आहेत. पहिल्या ६ गाण्यांना तिने काळ दिला आहे. नातं तुटण्याआधी ९, ५ आणि ३ महिने. तुटल्यानंतर २, ६ आणि ११ महिने. आधीच्या गाण्यांत ती जोडीदाराला मन मोकळं करायला सांगते, वाट पाहते. तुटल्यानंतर २ महिन्यांचं गाणं सर्वांत लांब, सुमारे १० मिनिटांचं. त्यात राग आहे, उघडी जखम आहे. सहाव्या महिन्यात ती मोडलेल्या घराचा शोक करते. अकराव्या महिन्यात म्हणते, हे दुःख माझ्यापासून काढून घेऊ नका, त्यातूनच मी बरी होईन.

संगीतही तसंच. व्हायोलिनसारखी तंतुवाद्यं लांब सूर धरतात आणि त्याखाली संगणकावर घडवलेले ठोके अडखळतात, तुटतात. भाषा कळली नाही तरी घालमेल कळते.

यातून आपण काय घ्यायचं? नातं एका दिवसात तुटत नाही. आतून आधीच कळत असतं, पण बोलायला जागा नसते. आपल्या आज्यांना जात्यावरच्या ओवीत ती जागा होती. आता ती गटात करू या. एखादी सहा महिन्यांनीही रडली, तर “अजून किती दिवस?” असं म्हणू नका. तिला तिचे महिने मोजू द्या.

मात्र घरात मारहाण होत असेल, तर महिने मोजत बसू नका. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. फोन करा, आणि गटातल्या एकीला तरी सांगा.