खाटेवरून दिसलेला वॉर्ड

रुग्णाला त्याच्या उजव्या बाजूस उभे राहून तपासावे, हे आपण सर्वच विद्यार्थिदशेत शिकलो. तीस वर्षे मी तशीच उभी राहिले. गेल्या पावसाळ्यात इंदुरातच माझ्या पित्ताशयावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली आणि वॉर्ड प्रथमच खाटेवरून पाहिला.

शस्त्रक्रियेविषयी तक्रार नाही. टाक्यांपेक्षा दुखला तो उजवा खांदा. पोटात भरलेल्या कार्बन डायॉक्साइडने श्वासपटल चाळवते व वेदना खांद्यात उमटते, हे मी जाणून होते. त्या ज्ञानाने दुखणे तसूभरही कमी झाले नाही.

दिवसपाळीच्या सिस्टरने न मागता उशी सारून दिली, सलाइनची जागा सुजली नाही ना हे वारंवार पाहिले. रात्री मात्र घंटा वाजवून चाळीस मिनिटे गेली. मग उत्तर आले, "मॅडम, दर्द की दवा एसओएस लिखी है. सुबह तक देख लेते हैं." तीस खाटांमागे त्या एकट्याच होत्या, हेही खरे.

एसओएस म्हणजे गरज पडल्यास. पण गरज ठरवायची कुणी? ही तीन अक्षरे मी हजारो केसपेपरांवर लिहिली असतील, आणि माझ्या कित्येक रुग्णांना तर बोलताही येत नाही!

आता शस्त्रक्रिया झालेल्या मुलांसाठी पहिले दोन दिवस वेदनाशामकाची मात्रा वजनानुसार आणि वेळ घड्याळानुसार लिहिते. रात्रपाळीला दुसरी सिस्टर मिळावी म्हणून आमच्या व्यवस्थापनाला दिलेला अर्ज मात्र अद्याप टेबलावरच आहे.