हात मरतो तेव्हा

“आठ रोज आग होते, मंग हात मरते.” दुसरबीडला मिरची घेताना देठं खुडणाऱ्या मावशी हे सहज बोलून गेल्या. ते ‘मरते’ डोक्यातून जाईना, म्हणून गावातल्या कांडपावर जाऊन बसलो.

वाळवणं, खुडणं, कुटणं, चाळणं. खकाण्याने मी खोकत बाहेर पळतो, मावशींची बोटं थांबत नाहीत. देठाबरोबर आतला पांढरा गाभाही तुटतो, आणि खरं तिखट तिथेच, बियांत नव्हे. हे तिखट म्हणजे कॅप्सेसिन, आणि ते नुसत्या पाण्याने जात नाही. मावशी आधी गोडेतेल चोळतात, मग साबण लावतात.

सुमारे 43 अंशांपुढची उष्णता ओळखणारी जी कळ मज्जातंतूच्या टोकावर असते, तीच कॅप्सेसिनने दाबली जाते. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ती 1997 मध्ये शोधली. त्यांच्या 2021 च्या नोबेलमागे हेच काम. या तंतूंच्या मूळ पेशी पाठीच्या कण्यालगतच्या गाठींत असतात. तिथे सबस्टन्स पी आणि सीजीआरपी ही न्यूरोपेप्टाइडं तयार होऊन दोन्हीकडे जातात. कातडीत सुटली की रक्तवाहिन्या रुंदावतात, बोटं लाल होऊन सुजतात. मज्जारज्जूत सुटलेला पी पुढच्या पेशींना बराच वेळ चेतवून ठेवतो. मग साधा स्पर्शही झोंबू लागतो. पहिल्या आठ दिवसांत मावशींना रात्री अंगावरची गोधडीही नकोशी होते.

आणि मग हात मरतो. “यांना सवय असते,” मालक म्हणाले. मला हा शब्द फार सोयीचा वाटला. कॅप्सेसिन वारंवार लागलं की ही टोकं दाद देईनाशी होतात, त्यांतला पेप्टाइडांचा साठा घटतो. मात्रा जबर असेल तर टोकंच मागे सरतात. हंगेरीच्या मिक्लोश यांचो यांनी गेल्या शतकाच्या मध्यात प्राण्यांमध्ये ही बधिरता दाखवली होती. आज नागिणीनंतर मागे राहणाऱ्या वेदनेवर याच गुणाचा उपचार होतो: आठ टक्के कॅप्सेसिनची पट्टी, अमेरिकेत 2009 मध्ये मंजूर झालेली. ती लावणाऱ्यांनी हातमोजे घालायचे, असा नियम आहे.

टोकं काही महिन्यांत पुन्हा वाढतात. बहुधा म्हणूनच मावशींचे ते आठ दिवस दर उन्हाळ्यात नव्याने येतात.

हातमोज्यांचं विचारलं, तर मावशी हसल्या. मोज्यात देठ चिमटीत नीट धरता येत नाही, खुडणं मंदावतं. आणि मजुरी किलोवर आहे.