आधी मॉनिटर, मग पोर्ट, शेवटी ग्राफिक्स कार्ड

नवा कॉम्प्युटर जुळवताना बहुतेक जण आधी ग्राफिक्स कार्ड ठरवतात. क्रम उलटा हवा. फोर-के पडद्यावर ३८४० × २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात, फुल एचडीच्या चौपट. कार्डावर किती भार पडणार हे मॉनिटरच ठरवतो, आणि पोर्ट कोणता लागेल हेही. एचडीएमआय २.० (२०१३) ची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट. फोर-के चित्र पूर्ण रंगांत ते ६० हर्ट्झपर्यंतच नेते. डिस्प्लेपोर्ट १.४ (२०१६) ३२.४ गिगाबिटांचे, तर एचडीएमआय २.१ (२०१७) ४८ गिगाबिटांपर्यंतचे. दोन्हींवर १२० हर्ट्झ शक्य होतात.

‘एचडीएमआय सगळीकडे असतेच, मग एवढी चिकित्सा कशाला?’ असे कुणी म्हणेल. फुल एचडी आणि ६० हर्ट्झ पुरत असतील तर ते खरेच आहे. पण २.० आणि २.१ चे प्लग दिसायला हुबेहूब सारखे, शिवाय २.१ मधल्या बऱ्याच सोयी ऐच्छिक, त्यामुळे खोक्यावरच्या आकड्यापेक्षा मॉनिटरच्या माहितीपत्रकात त्या पोर्टापुढे लिहिलेला रिफ्रेश रेट पाहावा. डिस्प्लेपोर्टचा प्लग एका कोपऱ्यात तिरका कापलेला असतो आणि बहुधा खटक्याचा. बटण दाबूनच तो काढावा. केबल लावायची ती कार्डाच्या पोर्टात. मदरबोर्डच्या पोर्टात लावली, तर घेतलेल्या कार्डाचा सहसा उपयोगच होत नाही.