शितावरून भाताची परीक्षा: मायनिंग पूलला तुमचं काम कसं कळतं?

बिटकॉइन मायनिंगचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. जगभर विखुरलेले हजारो लोक एका पूलला जोडलेले असतात. कोणी कोणाला ओळखत नाही. प्रत्येकाचं म्हणणं एकच, "माझ्या मशीनने दिवसभर काम केलंय, माझा वाटा द्या." पूलचा सर्व्हर कुठल्यातरी तिसऱ्याच देशात. त्याला ना तुमचं मशीन दिसतं, ना तुमचं वीजबिल. मग समोरचा खरंच राबतोय की नुसत्या थापा मारतोय, हे त्याला कसं कळतं?

यासाठी मशीनमध्ये कुठलंही हेरगिरीचं सॉफ्टवेअर घालावं लागत नाही. उत्तर आपल्या स्वयंपाकघरातलंच आहे, शितावरून भाताची परीक्षा. पण कोणतं शीत, ते कोण निवडतं आणि त्यात फसवाफसवी कशी होते, हे नीट बघण्यासारखं आहे.

आधी एक गैरसमज बाजूला करू. "मायनर अवघड गणितं सोडवतात" असं बातम्यांमध्ये सर्रास लिहिलेलं असतं. गणितं वगैरे काही नाही. प्रत्येक ब्लॉकला ८० बाइटचं एक शीर्षक असतं. त्यात आधीच्या ब्लॉकचा हॅश, या ब्लॉकमधल्या सगळ्या व्यवहारांचा गोषवारा असलेला मर्कल रूट, वेळ, टार्गेट आणि नॉन्स नावाचा एक आकडा असतो. हे ८० बाइट एसएचए-२५६ मधून दोनदा काढायचे. बाहेर एक प्रचंड मोठा आकडा पडतो. तो टार्गेटपेक्षा लहान असला तर ब्लॉक सापडला. नसला तर नॉन्स बदला, पुन्हा बघा. बस्, एवढंच. हे निव्वळ फासे टाकणं आहे, आणि फाशांना स्मरणशक्ती नसते. लाख कोटी वेळा हुकलं म्हणून पुढचा डाव जिंकण्याची शक्यता तसूभरही वाढत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता एकट्या माणसाचं काय होतं? समजा तुमच्याकडे १०० टेराहॅशचं एक मशीन आहे, म्हणजे सेकंदाला १०० लाख कोटी वेळा फासे टाकणारं. आणि समजा पूर्ण नेटवर्कची ताकद ६०० एक्झाहॅश आहे (२०२४ च्या मध्याला ती साधारण एवढी होती). म्हणजे तुमचा वाटा ६० लाखांत एक. सरासरी दहा मिनिटांना एक ब्लॉक, वर्षाला साधारण ५२,५६० ब्लॉक. भागाकार करा: तुम्हाला एक ब्लॉक सापडायला सरासरी ११४ वर्षं. बरं, ही सरासरी आहे. ११४ वर्षं थांबूनही हात हलवत परत जाण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के! मशीन तीन-चार वर्षांत जुनं होतं आणि वीजबिल मात्र दर महिन्याला येतं.

म्हणून लोक एकत्र आले. २०१० च्या शेवटी चेक प्रजासत्ताकातल्या मारेक पालाटिनुस याने पहिला पूल सुरू केला. तो पुढे 'स्लश पूल' म्हणून ओळखला गेला, आज त्याचं नाव 'ब्रेन्स पूल' आहे. कल्पना आपल्याकडच्या मित्रमंडळींनी मिळून लॉटरीची तिकिटं काढण्यासारखी. सगळ्यांनी मिळून फासे टाकायचे, कोणालाही ब्लॉक सापडला तरी बक्षीस कामाच्या प्रमाणात वाटून घ्यायचं. फरक इतकाच, की लॉटरीत कोणी किती तिकिटं काढली हे मोजता येतं. इथे हुकलेले फासे कोण मोजणार? बहुतेक सगळं काम हुकण्याचंच आहे, आणि हुकलेल्या प्रयत्नाचा पुरावा तर काहीच उरत नाही.

इथे येतो 'शेअर'. (शेअर बाजाराशी याचा संबंध नाही.) पूल मायनरला सांगतो, खरं टार्गेट खूप कठीण आहे, ते राहू दे. मी तुला एक सोपं टार्गेट देतो. त्याच्याखाली आकडा आला की मला पाठव. खऱ्या टार्गेटपर्यंत पोचणं ११४ वर्षांचं काम असलं, तरी हे सोपं टार्गेट असं ठरवलेलं असतं की तुमच्या मशीनला दर दहा सेकंदांना एखादा शेअर सापडावा. म्हणजे एका शेअरमागे सरासरी १० च्या पुढे १४ शून्यं एवढे प्रयत्न. असा शेअर फुकटात तयार करता येत नाही. हॅश उलटा फिरवण्याची युक्ती कोणाकडे नाही. त्यामुळे शेअर आला याचाच अर्थ त्यामागे सरासरी तेवढे फासे पडले.

आणि तो तपासायला पूलला किती कष्ट? मायनर नॉन्स आणि दोन-चार छोटे तपशील पाठवतो. पूल त्यावरून शीर्षक पुन्हा जुळवतो आणि हॅश काढतो. ब्लॉकमध्ये चारेक हजार व्यवहार असले तर मर्कल रूट धरून जेमतेम १४-१५ वेळा हॅश काढावा लागतो. तिकडे शेकडो लाख कोटी, इकडे पंधरा! हा असमतोल आहे म्हणून तर पूल चालतो. एरवी "काम तपासणं" हे कामाइतकंच महाग असतं, विचारा कुठल्याही पेपर तपासणाऱ्या शिक्षकाला.

शेअर आला की तपासणी साधारण अशी होते. हे काम आम्हीच दिलेलं होतं का? ते अजून ताजं आहे का, की मधे कोणी दुसऱ्याने ब्लॉक काढला आणि हे शिळं झालं? हाच शेअर आधी एकदा येऊन गेलाय का? (एकच चेक दोनदा वटवायला येणारे इथेही असतात.) वेळेचा आकडा मर्यादेत आहे का? आणि शेवटी, हॅश खरंच टार्गेटखाली आहे का? सगळं जमलं तर खात्यावर नोंद.

यात गंमत आकडेशास्त्राची आहे. दर दहा सेकंदांना एक शेअर म्हणजे दिवसाला ८,६४० शेअर. ही संख्या योगायोगाने थोडी खालीवर होते, साधारण तिच्या वर्गमुळाएवढी, म्हणजे ९३ ने. एक टक्क्याच्या आसपास. म्हणजे मशीन कधीही न पाहता पूलला तुमची दिवसभराची ताकद एका टक्क्याच्या अंदाजाने कळते. पण दहा मिनिटांत फक्त ६० शेअर येतात आणि तिथे चढउतार १३ टक्क्यांचा. पूलच्या स्क्रीनवर आपला वेग उड्या मारताना दिसला की नवीन मायनर घाबरतात, मशीन बिघडलं असं वाटतं. बहुतेक वेळा बिघडलेलं काही नसतं.

मग शेअर आणखी सोपे का करत नाहीत? जास्त शितं, जास्त अचूक परीक्षा. कारण सर्व्हरवर लाखो मशीनचा मारा होतो. म्हणून पूल प्रत्येक मशीनच्या वेगाप्रमाणे त्याचं टार्गेट आपोआप कमीजास्त करत राहतो. मोठ्या मशीनला कठीण शेअर, छोट्याला सोपे. कठीण शेअरचं मोल त्या प्रमाणात जास्त, त्यामुळे कोणाचंच नुकसान नाही.

आता एक चतुर प्रश्न. मला शेअर शोधताना खरा ब्लॉकच सापडला, तर तो मी पूलला का देऊ? गुपचूप स्वतःच्या नावाने नेटवर्कवर टाकतो की! जमणार नाही. ब्लॉकमधला पहिला व्यवहार, त्याला कॉइनबेस म्हणतात, बक्षीस कोणत्या पत्त्यावर जाणार ते ठरवतो. तो पत्ता पूलने घातलेला असतो. तुम्ही तो बदललात की मर्कल रूट बदलतो, शीर्षक बदलतं, हॅश बदलतो, आणि सापडलेला ब्लॉक हातातून गेला. आणि सुरुवातीपासूनच स्वतःचा पत्ता घालून काम केलंत तर पूल शेअर जुळवेल तेव्हा तो जुळणारच नाही. म्हणजे काम करायच्या आधीच ठरवावं लागतं, मालक कोण. ही रचना मला फार आवडते.

याच कॉइनबेसमध्ये पूल प्रत्येक मायनरला एक वेगळा आकडा देतो, एक्स्ट्रानॉन्स. नॉन्स फक्त ३२ बिटांचा, म्हणजे सुमारे ४२९ कोटी पर्याय. ऐकायला खूप, पण आपलं १०० टेराहॅशचं मशीन ते ४३ मायक्रोसेकंदांत संपवतं! एक्स्ट्रानॉन्समुळे नवीन पर्याय मिळतात, आणि दोन मायनर चुकून तेच फासे टाकत बसत नाहीत. स्ट्रॅटम नावाचा प्रोटोकॉल २०१२ मध्ये आला, त्याचं मुख्य काम हेच: कमीत कमी माहितीत मायनरला स्वतःहून नवीन शीर्षकं बनवू देणं.

मोजणी झाली, आता वाटणी. सुरुवातीची पद्धत सरळ होती. ब्लॉक सापडेपर्यंतच्या फेरीत जेवढे शेअर आले, त्यांच्यात बक्षीस समान वाटा. न्याय्य वाटतं ना? यात भोक आहे. फेरी नुकतीच सुरू झाली असताना दिलेला शेअर थोड्या लोकांत वाटला जाण्याची शक्यता जास्त, त्यामुळे तो महाग. फेरी लांबली की नवीन शेअर खूप वाटेकऱ्यांत विभागला जाणार, त्यामुळे तो स्वस्त. पण फाशांना स्मरणशक्ती नाही, दोन्ही शेअरमागचं काम अगदी सारखंच! मग हुशार लोक काय करू लागले, तर फेरीच्या सुरुवातीला यायचं आणि लांबली की दुसऱ्या पूलमध्ये उडी मारायची. अपेक्षित शेअरच्या ४३.५ टक्क्यांपर्यंत थांबून निघून जाणं सर्वांत फायद्याचं, हा हिशेब २०११ मध्येच मांडला गेला. पैसे अर्थातच जे प्रामाणिकपणे चिकटून राहिले त्यांच्या खिशातून जायचे. याच वर्षी मेनी रोझेनफेल्ड याने सगळ्या वाटणी पद्धतींचं बारकाईने विश्लेषण केलं. आज चालतात त्या पद्धती अशा उड्या निरर्थक करतात: एक पीपीएलएनएस, जिथे फेरी हा प्रकारच नाही, फक्त शेवटचे ठरावीक शेअर मोजतात, दुसरी पीपीएस, जिथे ब्लॉक सापडो न सापडो, पूल प्रत्येक शेअरचे ठरलेले पैसे देतो आणि धोका पत्करल्याबद्दल जास्त कमिशन घेतो.

आता मुख्य दुखणं. समजा एक मायनर सगळे शेअर इमानदारीत पाठवतो, पण लाखात नव्हे, कोट्यवधींत एकदा जेव्हा शेअर खऱ्या टार्गेटच्याही खाली येतो, म्हणजे ब्लॉकच सापडतो, तेव्हा तो फेकून देतो. पूलच्या हिशेबात तो उत्तम कामगार, रोज मोजून मजुरी घेणारा. प्रत्यक्षात पूलला त्याचा उपयोग शून्य. याला ब्लॉक रोखून धरण्याचा हल्ला म्हणतात. पीपीएसमध्ये हा खड्डा पूलचालकाच्या खिशाला पडतो. पीपीएलएनएसमध्ये तो इतर मायनरांच्या मजुरीतून भरला जातो, आणि त्यांना पत्ताही लागत नाही. "या महिन्यात नशीब वाईट होतं" एवढंच दिसतं.

पकडायचं कसं? आपल्या हिशेबात एका ब्लॉकमागे असे ३६ कोटी शेअर येतात. लहान मायनरने आयुष्यात ब्लॉक दिला नाही यात संशयास्पद काहीच नाही, आपणच वर काढलं, ११४ वर्षं. मोठ्या मायनरकडून तीन ब्लॉक अपेक्षित असताना एकही आला नाही, तरी हे निव्वळ दुर्दैवाने घडण्याची शक्यता २० मध्ये एक आहे. तेवढ्यावर कोणाला चोर कसं म्हणणार? दहा अपेक्षित असताना शून्य आले, तर ती शक्यता २२ हजारांत एकावर येते, तेव्हा बोट ठेवता येतं. पण तोवर दहा ब्लॉक गेलेले असतात. शिवाय हल्लेखोर आपली मशीन शंभर खात्यांत वाटून ठेवू शकतो. २०१४ मध्ये एलिजिअस या पूलने असे खातेदार पकडले, तोपर्यंत सुमारे ३०० बिटकॉइनचं नुकसान झालं होतं.

तुम्ही म्हणाल, हल्लेखोराला यात काय मिळतं? स्वतःचाही वाटा थोडा कमीच होतो की. इत्ताय एयाल याने 'मायनर्स डिलेमा' या २०१५ च्या शोधनिबंधात दाखवलं की एक पूल आपली काही मशीन दुसऱ्या पूलमध्ये घुसवून फायदा कमवू शकतो. दोघांनीही तेच केलं तर दोघांचंही नुकसान. तरी एकट्याने थांबावं असं कोणालाच वाटत नाही.

यावर तांत्रिक उपाय माहीत आहे. शेअर सापडला तरी तो ब्लॉक आहे की नाही हे मायनरला कळूच नये, फक्त पूलला कळावं, अशी रचना करता येते. रोझेनफेल्डने ती सुचवली होती. मात्र त्यासाठी बिटकॉइनचा मूळ नियमच बदलावा लागतो, आणि तिथे गाडी अडते.

आणि आतापर्यंत आपण एकाच बाजूने बघितलं. पूल मायनरला तपासतो, पण मायनर पूलला? जुन्या स्ट्रॅटममध्ये मायनरला व्यवहार दिसतच नाहीत, फक्त मर्कल झाडाच्या फांद्यांचे हॅश मिळतात. ४ जुलै २०१५ ला याचा फटका बसला. बीआयपी-६६ हा नवीन नियम लागू झाल्यावर थोड्याच वेळात एका छोट्या मायनरने जुन्या पद्धतीचा, म्हणजे अवैध ब्लॉक काढला. नेटवर्कची जवळपास निम्मी ताकद त्या वेळी घाईपोटी आधीचा ब्लॉक पूर्ण न तपासताच त्यावर काम सुरू करत होती. बघता बघता सहा ब्लॉकची अवैध साखळी तयार झाली. तेव्हा एका ब्लॉकचं बक्षीस २५ बिटकॉइन होतं, म्हणजे १५० बिटकॉइनचं काम पाण्यात. त्या काळात मायनरांनी पाठवलेले शेअर मोजणीच्या दृष्टीने अगदी चोख होते. शेअर तेवढंच सांगतो, किती फासे पडले. ते कशावर पडले हे बघणं पूलचं काम होतं.

स्ट्रॅटमच्या दुसऱ्या आवृत्तीत संवाद कूटबद्ध असतो, आणि ब्लॉकमध्ये कोणते व्यवहार घ्यायचे हे मायनरने स्वतः ठरवून पूलला कळवण्याची सोय आहे. त्यामुळे पूलला आता आणखी एक गोष्ट तपासावी लागते: मायनरने बनवलेला ब्लॉकचा आराखडा मुळात वैध आहे का. हे काम पंधरा हॅशमध्ये उरकत नाही. मायनरच्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा आणि किती व्यवहार मागवून तपासायचे, हे तिथे प्रत्येक पूलला स्वतः ठरवावं लागतं. त्या तपासणीबद्दल पुढच्या पोस्टमध्ये लिहीन.