पडद्याचा कायदा : टेपरेकॉर्डर घेणाऱ्याचे नाव

व्हीपीएनची कथा या आठवड्यात सांगण्याचे मी कबूल केले होते, परंतु ती तहकूब करावी लागत आहे; कारण मिरजेहून एका वाचकभगिनीचे पत्र आले असून त्यातील प्रश्न, माझ्या मते, अधिक मुळाशी जाणारा आहे. त्यांचा भाचा येथे बॉनच्या विद्यापीठात शिकतो, मित्रांसमवेत भाड्याच्या घरात राहतो, आणि घरातील इंटरनेटची जोडणी त्याच्या नावावर असल्यामुळे एका वकिली कचेरीचे जाडजूड पाकीट त्याच्याच नावाने येऊन थडकले. अमुक दिवशी, अमुक वाजून अमुक मिनिटांनी, अमुक चित्रपट आपल्या जोडणीवरून इतरांस पुरवण्यात आला, सबब आठशेहून अधिक युरो भरावेत आणि सोबतच्या प्रतिज्ञापत्रावर सही करून ते मुदतीत परत पाठवावे, असा त्यातला मजकूर. ‘पोराने काही उतरवून घेतले नाही, कोणाला विकले नाही, नुसते पाहिले, आता पाहण्यालाही मज्जाव आहे काय?’ असे आत्याबाई विचारतात.

प्रथम भाच्यापुरते उत्तर. त्याने चित्रपट कोणत्या मार्गाने पाहिला याची मी चौकशी केली, आणि निघाले ते अपेक्षेप्रमाणेच. पॉपकॉर्न टाइमच्या जातीची जी अ‍ॅप्स आहेत ती पडद्यावर यूट्यूबसारखीच साळसूद दिसतात, परंतु त्यांच्या पोटात बिटटोरंटचा व्यवहार चालू असतो. म्हणजे आपण चित्रपट पाहत असतानाच त्याचे तुकडे आपल्या यंत्रातून इतर अनोळखी प्रेक्षकांना पोहोचते होत असतात. हक्कदारांनी नेमलेली माणसे त्या देवघेवीत प्रेक्षक म्हणूनच सामील होतात आणि ज्या ज्या आयपी क्रमांकाकडून तुकडा मिळाला तो क्रमांक वेळेसह टिपून ठेवतात. तेव्हा भाच्याने नुसते पाहिले हे त्याच्या समजुतीप्रमाणे खरे असले, तरी कायद्याच्या दृष्टीने त्याने वाटपही केले, आणि आलेले पत्र पाहण्याबद्दल नसून वाटण्याबद्दल आहे.

परंतु आत्याबाईंचा प्रश्न एवढ्याने निकालात निघत नाही. समजा, त्याने खरोखरच नुसते पाहिले असते, तर? जर्मन कायद्यात यासंबंधी दोन कलमे आहेत: यंत्राच्या स्मृतीत क्षणभर उमटून नाहीशा होणाऱ्या प्रतीला मुभा देणारे कलम ४४ अ, आणि खाजगी उपयोगासाठी प्रत करण्याची सवलत देणारे कलम ५३, ज्यातून उघडउघड बेकायदा असलेला मूळ स्रोत वगळलेला आहे. या दोहोंच्या फटीत स्ट्रीमिंगचा प्रेक्षक कित्येक वर्षे निर्धास्त बसून होता. २६ एप्रिल २०१७ रोजी युरोपीय न्यायालयाने ‘फिल्मस्पेलर’ नावाच्या एका डच पेटीच्या प्रकरणात ती फट बुजवली. चोरट्या संकेतस्थळांचे दुवे आधीच भरून विकली जाणारी ती पेटी विकणे तर बेकायदा ठरलेच, शिवाय स्रोत अनधिकृत आहे हे जाणून जो पाहतो त्याची ती क्षणभंगुर प्रतही सवलतीत बसत नाही, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे कायदा आता पाहणाऱ्यालाही लागू आहे. मात्र निव्वळ स्ट्रीमिंगमध्ये प्रेक्षकाचा आयपी क्रमांक केवळ संकेतस्थळ चालवणाऱ्याच्या दप्तरी असतो, आणि तो बहाद्दर स्वतःच फरारी. त्यामुळे अशा प्रेक्षकाच्या दारी पाकीट सहसा येत नाही.

आणि येथे माझ्या आवडीचा विषय येतो, ज्याकरिता व्हीपीएनने आणखी आठवडाभर थांबावयास माझी काही हरकत नाही. घराच्या चार भिंतींआड बसून जो ऐकतो वा पाहतो त्याच्यापर्यंत कायद्याने जावे काय, हा प्रश्न इंटरनेटने निर्माण केलेला नाही. तो टेपरेकॉर्डरने निर्माण केला. ध्वनिफीत घरोघर येऊ लागली तेव्हा जर्मनीत १९०१ चा जुना कायदा चालू होता आणि त्यात स्वतःच्या उपयोगासाठी नक्कल करण्याची मोकळीक होती. ती मोकळीक लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे हाताने स्वरलिपी उतरवून घेणारा संगीतप्रेमी होता. रेडिओवरचा अख्खा वाद्यवृंद बटण दाबून फितीवर धरणारा गृहस्थ नव्हता. संगीतकारांच्या वतीने हक्काचे पैसे वसूल करणारी ‘गेमा’ ही संस्था ग्रुंडिग या यंत्रनिर्मात्यावर फिर्याद घेऊन गेली, आणि १९५५ साली कार्ल्सरूहच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की घरच्या घरी केलेले ध्वनिमुद्रणदेखील परवानगीवाचून करता येणार नाही.

निकाल पदरात पडला, पण बजावणी कोणावर करावयाची? कोणाच्या दिवाणखान्यात यंत्र आहे हेच मुळी ठाऊक नाही. तेव्हा गेमाने पुढची दरखास्त केली: यंत्र विकताना दुकानदाराने गिऱ्हाइकाचे ओळखपत्र पाहावे आणि नाव-पत्ता आम्हांस कळवावा. मला ही दरखास्त फार बोलकी वाटते, कारण आजच्या आयपी क्रमांकाच्या मागे लागलेल्या सगळ्या अर्जांचे बीज तिच्यात आहे. न्यायालयाने २९ मे १९६४ रोजी ती फेटाळली. नावे मिळाली तरी घरात शिरून तपास केल्याखेरीज त्या नावांचा उपयोग नाही, आणि घर तर राज्यघटनेच्या तेराव्या कलमाने अनुल्लंघ्य ठरवलेले आहे. तेव्हा गिऱ्हाइकाच्या मागे न लागता यंत्र करणाऱ्याकडून मोबदला मागावा, असा रोख त्या निकालाचा होता. पुढल्याच वर्षी, ९ सप्टेंबर १९६५ च्या नव्या कायद्यात, बॉनच्या संसदेने तोच मार्ग पत्करला: घरगुती नक्कल करण्यास मुभा, आणि तिच्या मोबदल्यात प्रत्येक यंत्रावर निर्मात्याच्या विक्रीमूल्याच्या पाच टक्क्यांपर्यंत पट्टी. पुढे १९८५ मध्ये कोऱ्या फितींवरही ती बसली, आणि आज ती मोबाइलवरही आहे. माझ्या मते लेखकहक्काच्या इतिहासात यापेक्षा शहाणी तडजोड क्वचितच झाली असेल.

हा सगळा इतिहास येथे एका रस्त्यावर वाचता येतो. आडेनाउअर आलेवर कोनिग संग्रहालय आहे. पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या त्या दालनात १ सप्टेंबर १९४८ रोजी घटनाकारांच्या परिषदेचा उद्घाटन समारंभ झाला, आणि ज्या घटनेत ते तेरावे कलम आहे ती पुढील मे महिन्यात याच शहरी जाहीर झाली. तेथून दक्षिणेकडे निघावे तर रस्ता नाव बदलत बदलत फ्रीडरिश एबर्ट आले होतो आणि डॉइच टेलिकॉमचे मुख्यालय लागते. घराच्या उंबरठ्याला घटनेचे संरक्षण ज्या शहरात मिळाले, त्याच शहरी, त्याच रस्त्यावर, आज लक्षावधी घरांचे आयपी क्रमांक कोणाचे, हे सांगू शकणारे दप्तर आहे.

ते दप्तर उघडण्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते, हे लेखकहक्क कायद्याच्या कलम १०१ चे नववे पोटकलम २००८ पासून सांगते. टेलिकॉमचे ठाणे बॉनला असले तरी या भागातील लेखकहक्काची प्रकरणे कोलोनच्या न्यायालयाकडे सोपवलेली आहेत, आणि टेलिकॉम हे क्रमांक आठवडाभरच जपून ठेवत असल्याने अर्जदारांची तेथे सदैव घाई असते. या घाईत २०१३ च्या अखेरीस जे घडले ते येथील जुन्या रहिवाशांना चांगले स्मरत असेल. सभ्य बैठकीत ज्याचे नाव घेत नाहीत अशा एका संकेतस्थळावर चित्रफिती पाहिल्याबद्दल, ऐन नाताळच्या तोंडावर, हजारो गृहस्थांना प्रत्येकी २५० युरोंची मागणीपत्रे गेली. स्ट्रीमिंगमध्ये क्रमांक बाहेरच्या माणसाला मिळण्याची सोयच नसताना ते अर्जदाराच्या हाती आले कसे, हे कोड्यात राहिले. अर्जांची भाषा अशी संदिग्ध होती की न्यायालयाच्या काही कक्षांनी हा नेहमीचाच देवघेवीचा मामला समजून परवानगी दिली, काहींनी नाकारली. २४ जानेवारी २०१४ रोजी त्याच न्यायालयाने कबूल केले की परवानगी द्यावयास नको होती, कारण नुसते स्ट्रीमिंग पाहणे म्हणजे हक्कभंग असे धरून चालता येत नाही. तोवर कित्येकांनी, बायकोच्या हाती पाकीट पडू नये या धास्तीने, पैसे भरूनही टाकले असतील.

आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न २०१६ साली निराळ्या वेषात आला. ‘ढिशूम’ चित्रपटाच्या प्रकरणात बंद केलेल्या संकेतस्थळांवर झळकणारी सूचना पाहणाऱ्यालाच तुरुंगाची धमकी देत होती. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ती सुधारावयास लावली आणि गुन्हा पाहण्यात नसून अनधिकृत वाटपात, जाहीर प्रदर्शनात वा विक्रीत आहे, हे स्पष्ट केले. युरोपातील २०१७ चा निकाल आणि मुंबईचा हा निर्णय शेजारी ठेवून पाहिले, तर मिरजेच्या आत्याबाई आणि बॉनचा भाचा एकच चित्रपट एकाच चोरट्या स्थळावरून नुसता पाहत असले, तरी दोघे कायद्याच्या दोन वेगळ्या काठांवर उभे आहेत.

राहता राहिले ते पाकीट. ते केराच्या टोपलीत टाकू नये. उत्तर न गेल्यास प्रकरण न्यायालयात जाऊ शकते. परंतु सोबतचे प्रतिज्ञापत्रही जसेच्या तसे सही करू नये, कारण ते व्यवहारात जन्मभर बांधून ठेवते आणि पुन्हा तशी चूक झाल्यास ठरलेला दंड भरावा लागतो; त्यातला मजकूर आटोपशीर करून घेता येतो. खाजगी माणसाच्या पहिल्या प्रमादात वकिलांच्या शुल्काचा हिशेब केवळ एक हजार युरोंच्या दाव्यावर करावा, असे कायदा ऑक्टोबर २०१३ पासून सांगतो. तेव्हा मागणीतील किती भाग शुल्काचा आणि किती नुकसानभरपाईचा, हे ग्राहक सल्ला केंद्रात दाखवून पाहावे. जोडणीधारकाने घरातील प्रौढ पाहुण्यांना वा सहनिवाशांना आगाऊ ताकीद देण्याचे कारण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०१६ रोजी म्हटले आहे. त्या खटल्यातही एक आत्या होती आणि ऑस्ट्रेलियाहून आलेल्या भाचीने तिच्या जोडणीवरून चित्रपटाची देवघेव केली होती. ती आत्या सुटली. आमच्या भाच्याने मात्र चित्रपट स्वतःच पाहिल्याचे आत्याबाईंना लिहून कळवले आहे, तेव्हा तो बचाव त्याला मिळावयाचा नाही. मुदत येत्या शुक्रवारी संपते. व्हीपीएनचे पुढच्या आठवड्यात पाहू.