मँगनाइटांचे पातळ थर

मँगनाइटांचे पातळ थर म्हणजे मँगॅनीज या संक्रमणी धातूच्या मिश्र ऑक्साइडांचे, दुसऱ्या स्फटिकाच्या पृष्ठभागावर वाढवलेले, काही नॅनोमीटर ते काही शे नॅनोमीटर जाडीचे थर होत. त्यांचे चुंबकत्व रासायनिक घटनेइतकेच अणूंच्या मांडणीवर अवलंबून असते.

चुंबकत्वाचे मूळ

शुद्ध लँथॅनम मँगनाइट विद्युतरोधक असून लोहचुंबकी नसते. त्यातील सुमारे तीन दशांश लँथॅनमच्या जागी स्ट्रॉन्शियम घातल्यास मात्र ते धातूप्रमाणे वीज वाहते आणि सुमारे ३७० केल्व्हिनपर्यंत लोहचुंबकी राहते. अशा मिश्रणांतील लोहचुंबकत्व योंकर व व्हान सांटेन यांनी १९५० मध्ये नोंदवले. पुढच्याच वर्षी झेनर यांनी त्याची उपपत्ती मांडली : शेजारच्या दोन मँगॅनीज आयनांची चुंबकीय दिशा एकच असेल, तर इलेक्ट्रॉन मधल्या ऑक्सिजनमार्गे सहज पलीकडे जातो. मँगॅनीज-ऑक्सिजन-मँगॅनीज हा कोन सरळ रेषेपासून जितका ढळेल तितकी ही ये-जा अवघड होते.

आधाराचा परिणाम

थर ज्या स्फटिकावर वाढतो त्याचे जालक-अंतर त्याला स्वीकारावे लागते. या मँगनाइटाचे अंतर सुमारे ०.३८८ नॅनोमीटर आहे. स्ट्रॉन्शियम टायटनेटवर (०.३९०५) थर आडवा ताणला जातो व त्याचे चुंबकन थराच्या प्रतलात राहते. लँथॅनम ॲल्युमिनेटवर (०.३७९) तो दाबला जाऊन उभा वाढतो आणि चुंबकन थराला लंब होऊ शकते. पदार्थ तोच, स्वभाव निराळा.

निष्प्रभ थर

अतिशय पातळ नमुन्यांत, म्हणजे आधारानुसार काही नॅनोमीटरच्या खाली, धातुगुण नाहीसा होतो व चुंबकत्व क्षीण होते. ऑक्सिजनची उणीव, पृष्ठभागाजवळ इलेक्ट्रॉनांनी वेगळे कक्षक व्यापणे आणि ऑक्सिजन-अष्टफलकांचे कलणे ही त्याची कारणे मानली जातात. त्यांपैकी कोणाचा वाटा किती, हे थर कसा वाढवला यावरही ठरते. ही अडचण किरकोळ नाही. दोन मँगनाइट थरांमध्ये विद्युतरोधकाचा पातळ पडदा ठेवून केलेल्या सुरंग-संधीत विद्युतप्रवाहाचे नियंत्रण नेमक्या सीमेवरच्या अणुथरांकडे असते. अशा संधीत ४ केल्व्हिनला चुंबकीय क्षेत्रामुळे रोधात १८०० टक्क्यांहून अधिक फरक २००३ मध्ये नोंदवला गेला. पण तापमान खोलीच्या तापमानाजवळ येताच हा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो, जरी जाड थर त्या तापमानाला लोहचुंबकीच असतो.